१०२ व्या ओळीतला २५६ वा पिक्सेल

गेले तीन आठवडे रात्री कामं आटपली की मी एका जुन्या ४८६ कॉम्प्युटरसमोर बसतोय. त्यात १ एमबीचं व्हिडिओ कार्ड आहे, आणि मला करायचं होतं एवढंच की ६४० बाय ४८० मध्ये २५६ रंगांचं चित्र स्क्रीनवर आणायचं, डॉसमध्ये, कुठलीही ग्राफिक्स लायब्ररी न घेता, फक्त टर्बो सी आणि लागेल तिथे थोडं असेंब्ली. वाटलं होतं दोन रात्रींचं काम आहे. पण यात इतकं काही शिकायला मिळालं की ते लिहून ठेवल्याशिवाय चैन पडेना.

ज्यांनी डॉसमध्ये थोडंफार ग्राफिक्स केलंय त्यांना मोड १३ माहीतच असेल, म्हणजे हेक्समधला (सोळाच्या पटीतल्या मोजणीतला) १३, ३२० बाय २००, २५६ रंग. तो मोड इतका सोपा का वाटतो याचं कारण साधं आहे, ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० बाइट, आणि रिअल मोडमधला (प्रोसेसरचा डॉसवाला साधा मोड) एक सेगमेंट, म्हणजे मेमरीचा एका वेळी पोचता येणारा तुकडा, ६५,५३६ बाइटचा, म्हणजे अख्खी स्क्रीन एका सेगमेंटमध्ये मावते. व्हिडिओ मेमरीचा ए००० सेगमेंट धरायचा, ओळ गुणिले ३२० अधिक कॉलम, तिथे एक बाइट टाकला की पिक्सेल दिसला. संपलं. या सोपेपणाची एवढी सवय लागते की पुढच्या सगळ्या चुका त्याच सवयीतून होतात, निदान माझ्या तरी तिथूनच झाल्या.

आता ६४० बाय ४८० घ्या. तेच २५६ रंग, एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ३,०७,२०० बाइट. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ कॉम्प्युटरांबरोबर जो व्हीजीए हा ग्राफिक्सचा प्रकार आणला त्यात मेमरी होती २५६ केबी, म्हणजे २,६२,१४४ बाइट. मावतच नाही! म्हणून मूळ व्हीजीएवर ६४० बाय ४८० मिळतो तो १६ रंगांत, मोड १२. तिथे मेमरी चार प्लेनमध्ये, म्हणजे समांतर थरांमध्ये, विभागलेली असते आणि प्रत्येक प्लेन ३८,४०० बाइटचा असल्यामुळे तो ६४ केबीत आरामात बसतो. २५६ रंगांत रजिस्टरं (कार्डच्या सेटिंगचे आकडे ठेवायच्या जागा) हलवून लोकांनी ३६० बाय ४८० मिळवला होता, १,७२,८०० बाइट, तेही चारही प्लेन सुटे करून. ते वेगळं आणि फार सुंदर प्रकरण आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

मग एसव्हीजीए, म्हणजे व्हीजीएच्या पुढची कार्डं आली, ५१२ केबीची, १ एमबीची. मेमरी वाढली, पण प्रोसेसरला ती बघायची जागा तेवढीच राहिली. १ एमबीच्या खालच्या पत्त्यांमध्ये व्हिडिओसाठी जी जागा होती ती ए००० पासून ६४ केबी, तिच्यापुढे टेक्स्ट मोडची मेमरी, मग बायोस, म्हणजे मशीनमध्येच कोरलेला प्रोग्राम, वगैरे. म्हणून सगळ्यांनी एकच युक्ती केली, बँक स्विचिंग. ए००० ही एक खिडकी समजा, खिडकी जागची हलत नाही, पण तिच्या मागची कार्डची मेमरी पुढे-मागे सरकवता येते. आत्ता खिडकीत पहिले ६४ केबी दिसतायत, एका रजिस्टरमध्ये आकडा टाकला की पुढचे ६४ केबी दिसतात. ३,०७,२०० भागिले ६५,५३६ म्हणजे ४.६८७५, म्हणजे चार पूर्ण बँका आणि पाचवी अर्धीमुर्धी.

युक्ती एकच, पण ते रजिस्टर कुठलं, हे प्रत्येक चिपवाल्याने आपापलं ठरवलं. त्सेंगच्या ईटी४००० वर पोर्ट ३सीडी, खालचे चार बिट लिहायच्या बँकेचे आणि वरचे चार वाचायच्या बँकेचे, शिवाय आधी दोन पोर्टवर ठरावीक आकडे टाकून कुलूप उघडायचं. ट्रायडेंटवर सिक्वेन्सरचं ०ई रजिस्टर, आणि तिथे बँक नंबर सरळ टाकायचा नाही, त्याचा एक बिट उलटा करून टाकायचा, म्हणजे २ शी एक्सऑर करून. पॅराडाइज आणि सिरस यांचं ग्राफिक्स कंट्रोलरच्या ०९ रजिस्टरवर, पण दोघांची कुलपं वेगळी. त्या काळात ज्याला आपला प्रोग्राम सगळ्या कार्डांवर चालवायचा होता त्याने आधी चिप ओळखायचा कोड लिहायचा आणि मग प्रत्येक चिपचं वेगळं रूटीन. असा जुना सोर्स वाचताना मला त्या माणसांबद्दल खरंच आदर वाटतो, पानंच्या पानं नुसती चिप ओळखण्यात गेलेली असतात.

या गोंधळावर तोडगा म्हणून व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संघटनेचं बायोस एक्स्टेन्शन आलं, व्हीबीई. १९९१ चं १.२ व्हर्जन म्हणजे माझ्या कार्डवर जे आहे ते. इंटरप्ट १० च, म्हणजे बायोसला व्हिडिओचं काम सांगायची नेहमीची वाट, फक्त एएक्स या प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ४एफ ने सुरू होणारा नंबर द्यायचा. ४एफ०० ने कार्डची माहिती, ४एफ०१ ने एखाद्या मोडची माहिती, ४एफ०२ ने मोड लावायचा, ४एफ०५ ने खिडकी सरकवायची. मोडचे नंबर ठरलेले, १०१ हेक्स म्हणजे ६४० बाय ४८० बाय २५६, १०३ म्हणजे ८०० बाय ६००, १०५ म्हणजे १०२४ बाय ७६८. कॉल झाल्यावर एएलमध्ये (एएक्सचा खालचा अर्धा) ४एफ आणि एएचमध्ये (वरचा अर्धा) शून्य आलं तर काम झालं. एवढं वाचून मला वाटलं झालं की, आता फक्त बँक बदलत बदलत लिहायचं.

लिहिताना पहिली अडचण गुणाकाराची आली. टर्बो सी मध्ये इंट (पूर्णांकाचा साधा प्रकार) १६ बिटचा, ओळ गुणिले ६४० हे ५२ व्या ओळीलाच ३२,७६७ च्या पुढे जातं, म्हणजे ३२ बिटचा लाँग वापरायला हवा, आणि रिअल मोडमध्ये लाँगचा गुणाकार कंपायलर फंक्शन कॉल करून करतो, ते हळू. पण असेंब्लीत उतरलं की यातून फार छान वाट निघते. मूल (एमयूएल) ही गुणाकाराची सूचना १६ बिट गुणिले १६ बिट करून ३२ बिटचं उत्तर डीएक्स आणि एएक्स या जोडीत देते, वरचे १६ बिट डीएक्समध्ये आणि खालचे एएक्समध्ये. आता बघा, वरचे १६ बिट म्हणजे ६५,५३६ ने भागून आलेला भागाकार, म्हणजेच बँक नंबर! आणि एएक्स म्हणजे खिडकीच्या आतला ऑफसेट. एएक्समध्ये कॉलम मिळवायचा, हातचा आला तर एडीसी या हातच्यासकट बेरजेच्या सूचनेने डीएक्समध्ये घ्यायचा, बस, वेगळा भागाकार नाही, शिफ्ट नाही, उत्तर आधीच दोन रजिस्टरांत वाटून तयार. हे लक्षात आलं त्या रात्री मी तीच चार ओळींची असेंब्ली कितीतरी वेळ नुसती बघत बसलो होतो.

डीएक्स मागच्या वेळचाच असेल तर खिडकी हलवायची नाही, बदलला असेल तरच ४एफ०५ कॉल करायचा. हे महत्त्वाचं आहे कारण इंटरप्टचा कॉल महाग पडतो. मोडच्या माहितीत खिडकी सरकवणाऱ्या फंक्शनचा सरळ पत्ताही मिळतो, त्याला थेट 'फार कॉल' (दुसऱ्या सेगमेंटमधल्या फंक्शनला करायचा कॉल) केला की इंटरप्टचा वळसा वाचतो, फक्त परत आल्यावर एएक्स आणि डीएक्समध्ये जुनं काही शिल्लक असेल असं धरायचं नाही.

तर कोड झाला, एक चाचणीचं चित्र केलं. चारही कडांना पांढरी बॉर्डर, दर ६४ पिक्सेलला एक उभी रेष, दर शंभर ओळींनी एक आडवी रेष प्रत्येकी वेगळ्या रंगात, आणि दोन कर्ण. आधी डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर डॉस चालवणारा प्रोग्राम) चालवलं, एकदम बरोबर. फ्लॉपीवर घेतलं, खऱ्या मशीनवर चालवलं, आणि स्क्रीनचा वरचा साधारण चौथा भाग भरला, बाकी सगळं काळं.

या चित्राचं वर्णन मला नीट करायचंय कारण सगळं उत्तर त्या चित्रातच होतं. उभ्या रेषा सरळ होत्या, कुठेही तुटलेल्या नाहीत, वाकड्या नाहीत. ओळीची लांबी चुकली की उभ्या रेषा तिरक्या होतात, तसं काहीच नव्हतं. कर्णांचे मात्र तुकडे झाले होते, पायऱ्यांसारखे. १००, २०० आणि ३०० च्या आडव्या रेषा गायब. खालची पांढरी बॉर्डर वर चढून आलेली, आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे ४०० ची रेष त्या बॉर्डरच्या खाली! चित्राच्या शेवटाच्या पलीकडे त्याच्या आधीचा भाग दिसत होता.

दोन रात्री मी भलतीकडेच शोधत होतो. पॉइंटर, हातचा, स्टॅक, कंपायलरची सेटिंगं, सगळं तपासलं. मग शेवटी डोकं शांत करून पहिल्या ६४ केबीतली मेमरी वाचून फाईलमध्ये टाकली आणि ती पांढरी बॉर्डर नेमकी कितव्या ओळीवर आहे ते मोजलं. ९५. असायला हवी होती ४७९. फरक ३८४. ही ओळ शेवटच्या बँकेतली, म्हणजे बँक नंबर ४, तर प्रत्येक बँकेमागे ९६ ओळींची घसरण. ९६ गुणिले ६४० म्हणजे ६१,४४०, आणि ६१,४४० म्हणजे बरोब्बर ६० केबी. खिडकी दर वेळी ६४ केबी पुढे जायला हवी, ती ६० केबी कमी जातेय, म्हणजे ती जातेय फक्त ४ केबी.

४एफ०५ ला डीएक्समध्ये जो आकडा द्यायचा असतो तो ६४ केबीच्या बँकांचा नंबर नसतोच. तो असतो ग्रॅन्युलॅरिटीच्या एककात, म्हणजे खिडकी कमीत कमी जेवढी सरकू शकते तेवढ्या पावलांत. ४एफ०१ जी माहिती भरून देतं तिच्यात चौथ्या बाइटपासून हा आकडा असतो, केबीमध्ये. खिडकीचा आकार त्याच्या पुढच्याच शब्दात, सहाव्या बाइटवर, आणि हे दोन सारखे असतीलच असं नाही. डॉसबॉक्स एस३ चं कार्ड दाखवतो, तिथे ग्रॅन्युलॅरिटी ६४, म्हणून बँक नंबर आणि पावलं एकच. माझ्या कार्डवर ४. मी ते स्ट्रक्चर स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, त्यात हा फील्डही होता, आणि मी तो एकदाही वाचला नव्हता.

आणि उभ्या रेषा सरळ का राहिल्या तर ६० केबीला ६४० ने पूर्ण भाग जातो. घसरण नेमकी पूर्ण ओळींची होती, म्हणून आडवं काहीच हललं नाही. तेच चित्र ८०० बाय ६०० मध्ये काढलं असतं तर ६१,४४० ला ८०० ने भाग जात नाही, रेषा लगेच तुटल्या असत्या आणि गडबड बँकेत आहे हे मला पहिल्याच रात्री कळलं असतं. ४०० च्या रेषेचाही हिशोब लागतो, ती बँक ३ मधली, तीन वेळा ९६ म्हणजे २८८ ओळी वर सरकून ११२ वर, आणि बँक ४ चा मजकूर ९५ वरच संपत असल्यामुळे त्याच्या खाली बँक ३ ची शेपटी न पुसता तशीच राहिली.

दुरुस्ती एका ओळीची, ६४ भागिले ग्रॅन्युलॅरिटी हा गुणक सुरुवातीलाच काढून ठेवायचा आणि बँक नंबरला त्याने गुणायचं. डीएक्समध्ये ०, १६, ३२, ४८, ६४ गेले आणि चित्र पूर्ण आलं.

त्यानंतर मी ते स्ट्रक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं, आणि प्रत्येक फील्ड कोणाच्या तरी अशाच रात्रीतून आला असावा असं वाटत राहिलं. एका ओळीला किती बाइट, हा वेगळा फील्ड आहे, कारण काही कार्डं ८०० ची ओळ ८०० बाइटची ठेवत नाहीत, पुढे मोकळी जागा सोडतात. खिडक्या दोन असू शकतात, आणि प्रत्येकीतून वाचता येतं का, लिहिता येतं का, हे वेगवेगळ्या बिटांत लिहिलेलं असतं. एक खिडकी फक्त वाचायची आणि दुसरी फक्त लिहायची असेल तर स्क्रीनचा एक भाग दुसरीकडे कॉपी करताना दर वेळी बँक मागे-पुढे करावी लागत नाही, पण वाचता न येणाऱ्या खिडकीतून वाचलं तर हाती कचरा येतो. हायकलर (१५-१६ बिट रंगांच्या) मोडमध्ये लाल, हिरवा, निळा प्रत्येकी किती बिटांचा आणि कुठल्या जागी, तेही दिलेलं असतं, आणि ते न बघता हिरव्याला सहा बिट आहेत असं धरून १५ बिटच्या मोडमध्ये लिहिलं की लाल एक जागा सरकतो आणि अख्खं चित्र भलत्याच रंगांचं होतं.

पॅलेटचं, म्हणजे ते २५६ रंग कुठले त्या यादीचं, थोडक्यात सांगतो. व्हीजीएचा डॅक, म्हणजे आकड्यांवरून रंगाचा सिग्नल बनवणारा भाग, रंगाच्या प्रत्येक घटकाला सहा बिट घेतो, ० ते ६३. आजच्या सवयीने ० ते २५५ चे आकडे सरळ पोर्ट ३सी९ वर टाकले तर वरचे दोन बिट गळतात आणि रंग ठिपक्याठिपक्यांचे, विचित्र येतात. आधी ४ ने भागा. काही कार्डांवर ४एफ०८ ने डॅक आठ बिटांवर नेता येतो, पण तो खरंच गेला का हे उत्तरात बघायचं, मागितलं म्हणून मिळालं असं धरायचं नाही.

पण मला सगळ्यात जास्त सतावत होता तो १०२ व्या ओळीतला २५६ वा पिक्सेल, शून्यापासून मोजलं तर. ६५,५३६ ला ६४० ने भाग जात नाही, १०२ ओळी झाल्यावर २५६ बाइट उरतात, म्हणून पहिली बँक ओळीच्या मध्येच संपते. पुढच्या सीमा २०४ व्या ओळीत ५१२ वर, ३०७ व्या ओळीत १२८ वर, ४०९ व्या ओळीत ३८४ वर. याचा त्रास असा की आडवी रेष काढताना, जिला एरवी रेप स्टॉस या सलग मेमरी भरणाऱ्या सूचनेने एका झटक्यात भरता येतं, तिथे आधी बघावं लागतं की ही ओळ सीमेवरची आहे का, असेल तर दोन तुकडे करायचे, मध्ये खिडकी सरकवायची. ४८० पैकी फक्त चार ओळींसाठी ही तपासणी प्रत्येक ओळीला. स्प्राइट (हलवायची छोटी चित्रं) काढतानाही तेच. कोड कुरूप होतो आणि चुका नेमक्या तिथेच लपतात, कारण ती ओळ नेहमी वापरात येतेच असं नाही.

१९९४ च्या व्हीबीई २.० ने हा प्रश्नच मिटवला. मोड लावताना नंबरात चौदावा बिट चालू करायचा, कार्डची सगळी मेमरी एका सलग पत्त्यावर मिळते, तो पत्ता डीपीएमआय या डॉसमधून प्रोटेक्टेड मोड वापरायच्या सोयीच्या ०८०० फंक्शनने आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यायचा, आणि मग प्रोटेक्टेड मोडमध्ये, जिथे ६४ केबीची अडचण नसते, पुन्हा ओळ गुणिले लांबी अधिक कॉलम, मोड १३ सारखंच. छानच आहे ते. पण माझं कार्ड १.२ चं, आणि खरं सांगायचं तर मला ही खिडकी सोडायचीच नव्हती.

मग सापडलं ४एफ०६. हे फंक्शन ओळीची आतली लांबी बदलतं, स्क्रीनवर ६४० च दिसतात पण मेमरीत ओळ तुम्ही सांगाल तेवढी. मी १०२४ मागितली, आणि कार्डने १०२४ च दिली, उत्तरात तपासून घेतलं. आता ६५,५३६ भागिले १०२४ म्हणजे ६४, एका बँकेत बरोबर ६४ ओळी, आणि सीमा कायम ओळीच्या सुरुवातीला. ओळीच्या मधली सीमा नाहीशी झाली! बँक नंबर म्हणजे ओळ भागिले ६४, नुसता शिफ्ट, गुणाकारही गेला (त्या मूलवाल्या चार ओळी काढताना जरा जिवावर आलं, हेही सांगतो). आतल्या लूपमधली तपासणी सगळी उडाली आणि आडव्या रेषेचं रूटीन अर्ध्याहून लहान झालं.

बदल्यात मेमरी जास्त जाते, ३०० केबीऐवजी ४८०, पण ती वाया जात नाही. प्रत्येक ओळीच्या उजवीकडे ३८४ पिक्सेल असे राहतात जे स्क्रीनवर दिसत नाहीत, तिथे मी स्प्राइट ठेवलेत.

आणि १ एमबीमध्ये १०२४ च्या १०२४ ओळी बसतात, म्हणजे दोन पानं, दोन पूर्ण स्क्रीन, सहज. आधी मी दुसरं पान ४८० व्या ओळीपासून सुरू केलं होतं, पण ४८० भागिले ६४ म्हणजे साडेसात, पान बँकेच्या मध्यावर सुरू होतं. काल रात्री ते ५१२ व्या ओळीवर नेलं, बँक ८, शून्य ऑफसेट, शेवटची ओळ ९९१, मावतं. आता पान बदलायला काढणाऱ्या कोडमध्ये बँक नंबरात ८ मिळवायचे आणि दाखवायला ४एफ०७ मध्ये ओळ ५१२ द्यायची, एवढंच. १.२ मध्ये हे फंक्शन रिट्रेससाठी (स्क्रीन काढून झाल्यावर किरण परत वर जातो तो क्षण) थांबेलच असं धरता येत नाही म्हणून पोर्ट ३डीए चा तिसरा बिट मी स्वतः बघतोय. पहिल्यांदा चालवलं तेव्हा स्क्रीनच्या वरच्या भागात एक बारीक आडवी चीर दर पानबदलाला दिसत होती. मी रिट्रेस सुरू झाल्यावर पान बदलत होतो, पण कार्ड सुरुवातीचा पत्ता त्याच क्षणी उचलून घेतं, माझा पत्ता अर्धवट पोचत असणार. आधी पत्ता द्यायचा आणि मग रिट्रेसची वाट बघायची, असा क्रम उलटा केला, चीर गेली. आता या दोन पानांवर मी एक चेंडू फिरवतोय, तो १०२ व्या ओळीवरून जातो तेव्हा मी अजूनही २५६ व्या पिक्सेलपाशी बघत बसतो.